ओयोचे राजे आणि पोपटाची अंडी

मंडळी, आज मी तुम्हाला फार दूरच्या मुलुखातली हकिगत सांगणार आहे. प्रथम एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मोठा थोरला वाडा आहे. त्यात अनेक चौक आहेत, कोरीव लाकडी खांब आहेत. आत एक राजा बसला आहे. हजारो घोडेस्वार त्याच्या शब्दावर चालतात, शेजारची राज्ये त्याला खंडणी भरतात, आणि त्याच्यापुढे येणारा माणूस जमिनीवर पालथा पडून नमस्कार करतो. अशा या राजाकडे एके दिवशी त्याच्याच सरदारांकडून एक भेट येते. भोपळ्याचा वाळवलेला तुंबा, वर झाकण. राजा झाकण काढतो. आत पोपटाची अंडी असतात. कधी तुंबा नुसताच रिकामा असतो.

राजा काही विचारीत नाही, शिपायांना हाक मारीत नाही. त्या भेटीचा अर्थ त्याला गादीवर बसल्या दिवसापासून ठाऊक असतो. सरदारांनी, प्रजेने आणि देवांनी त्याला नाकारलेले असते. आता त्याने आपल्या हाताने जगाचा निरोप घ्यावा, अशी ती आज्ञा असते.

हा राजा म्हणजे ओयोचा ‘अलाफिन’. ओयो हे आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागातले, योरुबा लोकांचे एक जुने आणि बलाढ्य राज्य.

हा विषय मी का निवडला, तेही सांगतो. मागे एका शिक्षक-शिबिरात एक गुरुजी मला म्हणाले, “सर, आमच्या वर्गात आफ्रिका सुरू होते ती गोऱ्या प्रवाशांच्या गलबतापासून. त्याच्या आधी तिथे माणसे होती की नाही?” प्रश्न साधा होता, पण मला तो टोचला. माणसे होती, शहरे होती, कारागीर होते, राजे होते. आणि ‘राजा बहकला तर त्याला जाब कोण विचारणार?’ या प्रश्नाचा त्या लोकांनी फार खोलवर विचार केलेला होता. त्या विचाराचे काय झाले, हेच आज पाहावयाचे आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. आजच्या नायजेरिया देशाचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला बेनिन व टोगो देशांचा काही भाग, हा योरुबांचा प्रदेश. आज चार कोटींहून अधिक लोक योरुबा भाषा बोलतात. दक्षिणेला समुद्र, मग घनदाट पावसाळी जंगल, आणि उत्तरेकडे नायजर नदीच्या बाजूला गवताळ माळरान. पीक म्हणाल तर मुख्यतः याम. म्हणजे आपल्याकडच्या कोनफळाच्याच जातीचा कंद. ओयोची जुनी राजधानी उत्तरेच्या या माळरानात होती. तिला ‘ओयो-इले’ म्हणत. आजचे ओयो शहर तिथून दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. जुन्या शहराचे अवशेष आता एका राष्ट्रीय उद्यानाच्या रानात विखुरलेले आहेत.

हे राज्य आले कोठून? विचारा कोणत्याही योरुबा म्हाताऱ्याला, तो इले-इफे या नगराकडे बोट दाखवील. त्यांची कथा अशी की, प्रारंभी सगळीकडे पाणीच पाणी होते. ओदुदुवा साखळीला धरून आकाशातून खाली उतरला. बरोबर मूठभर माती, एक कोंबडा आणि ताडाच्या जातीच्या झाडाचे एक बी. त्याने पाण्यावर माती टाकली, कोंबड्याने ती पायांनी उकरून चहूकडे पसरली, आणि जमीन तयार झाली. ती जागा म्हणजे इफे. दुसरी एक कथा म्हणते, ओदुदुवा आकाशातून नव्हे, तर दूर पूर्वेच्या देशातून घरच्या भांडणामुळे परागंदा होऊन आला. पहिली कथा सांगते, आम्ही इथल्याच मातीचे. दुसरी सांगते, आम्ही थोरामोठ्यांच्या देशातून आलो. गावोगावच्या मूळपुरुषांच्या कथा या दोनच वाटांनी जाताना दिसतात.

ओदुदुवाचा एक नातू, काही म्हणतात धाकटा मुलगा, ओरानमियान. ओयोची गादी त्याने स्थापिली. त्याच्याविषयी जी कथा सांगतात, ती शेतकरी मंडळींनी नीट ऐकावी. ओदुदुवा वारल्यावर नातवंडांनी इस्टेटीची वाटणी केली. ओरानमियान तेव्हा मोहिमेवर होता. ज्याला जे हाती लागले ते त्याने घेतले. एकाने पैसा घेतला, एकाने गुरे, एकाने मणी, एकाने मुकुट. हा घरी परतला तेव्हा राहिले काय? नुसती जमीन! भावांना वाटले, बरी खोड मोडली. पण हा म्हणाला, ठीक आहे, जमीन माझी. आता तुम्ही जिथे राहाल, जिथे पेराल, तिथला खंड मला द्या. झालं! ज्याला काही मिळाले नव्हते, तोच सगळ्यांचा मालक ठरला.

कथा गोड आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. ही कथा सांगणार कोण? ओयोचे लोक. तिच्यातून सिद्ध काय होते? बाकीच्या सर्व योरुबा राजांनी ओयोला मान दिला पाहिजे, हे. म्हणजे कथेच्या पोटात राजकारण आहे. म्हणून ती खोटी ठरवून फेकून द्यावयाची नाही, आणि शब्दशः खरीही मानावयाची नाही.

आणखी एक कथा आहे. भावाभावांत बिनसल्यावर ओरानमियान उत्तरेकडे बोर्गूच्या राजाकडे गेला. त्या राजाने एका अजगराच्या गळ्यात ताईत बांधला आणि सांगितले, हा जाईल तिकडे जा. जिथे सात दिवस थांबून दिसेनासा होईल तिथे नगर वसव. अजगर थांबला ती जागा ओयो. या कथेत एक खूण दडली आहे. ओयोचे राजघराणे इफेचा वारसा सांगते खरे, पण उत्तरेच्या बोर्गूशीही त्याचे नाते जुने असावे. राजधानी नदीजवळच्या माळावर, उत्तरेच्या व्यापारी वाटांच्या तोंडाशी का, हेही यावरून उमगते.

आता कथा बाजूला ठेवून मातीतला पुरावा पाहू. इफे हे सुमारे अकराव्या ते पंधराव्या शतकांत भरभराटीला आलेले शहर होते, हे उत्खननांनी दाखविले आहे. अंगणांत खापऱ्या उभ्या रोवून सुबक फरसबंदी केलेली होती. काचेचे मणी तिथेच बनत. आणि सर्वांत नवलाचे म्हणजे तिथले ओतीव मुखवटे. 1938 साली इफेच्या राजवाड्याजवळ एका घराचा पाया खणताना पितळी धातूची, माणसाच्या आकाराची डझनाहून अधिक मस्तके निघाली. मेणाचा नमुना करून, तो मातीत मढवून, मेण वितळवून त्या जागी धातू ओतावयाचा, या रीतीने ती घडविली होती. चेहरे इतके शांत आणि इतके जिवंत, की पाहणारा थबकतो.

त्याच्याही आधी, 1910 साली, फ्रोबेनिउस नावाचा जर्मन संशोधक इफेला गेला होता. तिथले शिल्प पाहून तो थक्क झाला. पण हे आफ्रिकी माणसाच्या हातचे आहे, हे मानावयाला त्याचे मन तयार होईना. त्याने तर्क बांधला, की समुद्रात बुडालेल्या अटलांटिस नावाच्या कल्पित देशाशी आणि प्राचीन ग्रीकांशी याचा संबंध असला पाहिजे. डोळ्यांनी दिसत होते, पण मनाला पटत नव्हते. आज कोणीही जाणकार ही शंका घेत नाही. ती कला इफेच्या कारागिरांचीच.

ओयोचा लिखित इतिहास आपल्याला मिळाला तो मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीने. सॅम्युएल जॉन्सन हा योरुबा वंशाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक. ओयोच्या दरबारात ‘आरोकिन’ नावाचे वंशपरंपरेचे भाट होते. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम पाठ म्हणून दाखविणे हे त्यांचे काम. अशा लोकांकडून ऐकून जॉन्सनने योरुबांचा इतिहास लिहिला आणि 1897 साली तो पुरा केला. हस्तलिखित लंडनला एका प्रकाशकाकडे धाडले, आणि ते तिथे गहाळ झाले! 1901 साली जॉन्सन वारला. त्याच्या भावाने उरलेल्या टिपणांवरून आणि कच्च्या खर्ड्यांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि 1921 साली तो छापून निघाला. गुरुजी मंडळींनी ही हकिगत मुलांना जरूर सांगावी. एका पिढीने टिपून ठेवले नसते तर पुढच्या पिढीच्या हाती काय लागले असते?

आता राज्याच्या वाढीकडे येऊ. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेच्या नुपे लोकांनी ओयो लुटले. राजा बोर्गूत पळाला. पुढे त्याच्या वंशजांनी इग्बोहो या गावी राजधानी केली आणि चार राजे तिथेच नांदले. मग अबिपा नावाच्या राजाने ठरविले, जुन्या नगरीत परत जावयाचे. सरदारांची घरेदारे आता इग्बोहोत रुजली होती, त्यांना हे नको होते. परंपरा सांगते, की राजाने जागा पाहण्यास माणसे पाठविली, त्याच्या आधीच सरदारांनी शरीराने वेगळी दिसणारी काही माणसे त्या उजाड जागी नेऊन लपविली. रात्र पडली की ती मशाली घेऊन टेकडीवर हिंडत आणि ओरडत, ‘इथे जागा नाही, परत जा!’ राजाचे दूत भुते समजून पळाले. राजा मात्र हुशार. त्याने शिकारी पाठविले आणि सगळी भुते पकडून आणविली! तेव्हापासून त्याचे नावच पडले, ‘भुते धरणारा राजा’. सरदारांवर तो रागावला नाही. त्यांच्यातल्या एकेकाच्या घरी त्याने एकेक भूत सेवेला पाठवून दिले, असे सांगतात. राजा आणि सरदार यांची ओढाताण ओयोत किती जुनी होती, ते यावरून कळते.

नुपेंच्या मारातून ओयोने धडा घेतला तो घोड्याचा. त्यांनी घोडदळ उभे केले. उत्तरेच्या व्यापाऱ्यांकडून घोडे विकत घ्यावयाचे आणि माळरानावर धडक मारावयाची. पण त्से-त्से नावाच्या माशीच्या रोगाने तिकडे घोडे फार जगत नाहीत. म्हणजे सतत नवे घोडे हवेत, आणि त्यासाठी सतत पैसा हवा.

तो पैसा कशाचा होता, ठाऊक आहे? कवड्यांचा! आपल्याकडे तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते ना, तीच ही कवडी. हिंदी महासागरातल्या मालदीव बेटांवर ती गोळा होई, आणि सोळाव्या शतकापासून पुढे युरोपियन व्यापारी जहाजेच्या जहाजे भरून ती पश्चिम आफ्रिकेत नेत. योरुबांच्या हिशेबात 40 कवड्यांची एक सर, 50 सरींचे एक ‘शीर’ आणि 10 शिरांची एक पिशवी, म्हणजे 20,000 कवड्या. आपल्या समुद्राचा आणि त्यांच्या बाजाराचा असा हा सांधा.

पण या कवड्यांच्या मोबदल्यात गोरे व्यापारी नेत काय? माणसे. हे सांगताना जीभ जड होते, पण इतिहास सांगणाऱ्याने काही झाकू नये. ओयोच्या वैभवाचा मोठा वाटा, लढाईत पकडलेली माणसे किनाऱ्यावर गुलाम म्हणून विकून आलेला होता. किनाऱ्याजवळचे दाहोमी राज्यही 1730 साली ओयोच्या घोडदळापुढे नमले, खंडणी कबूल केली, आणि ती 1820 च्या सुमारापर्यंत भरीत राहिले. अठराव्या शतकात ओयो हे त्या भागातले सर्वांत बलाढ्य राज्य झाले.

आता मुख्य मुद्दा, राजसत्तेची घडण. ‘अलाफिन’ या शब्दाचा अर्थ ‘वाड्याचा धनी’. तो वर्षातून मोजक्या सणांनाच लोकांपुढे येई, आणि तेव्हाही मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआड त्याचा चेहरा झाकलेला. मेघगर्जनेचा देव शांगो हा पूर्वी ओयोचाच एक राजा होता, असे लोक मानतात. म्हणजे गादीवर बसणारा देवाचा वारस. अर्धे डोके भादरलेले ‘इलारी’ नावाचे सेवक त्याचे हुकूम घेऊन गावोगाव फिरत. ‘राजा बोले, दल हाले’ असा सगळा थाट.

पण या थाटाला चारी बाजूंनी वेसण होती. पहिली वेसण ‘ओयो मेसी’ या सात सरदारांच्या मंडळाची. ही सरदारकी ठरावीक घराण्यांत चाले; राजाने दिलेली नव्हे, म्हणून राजाला ती काढून घेता येत नसे. नवा राजा निवडण्याचा अधिकार यांचा. त्यांचा प्रमुख बाशोरुन. दर वर्षी तो एका विधीत कौल लावून पाही, की राजाचा स्वर्गातला जोडीदार आत्मा त्याच्यावर प्रसन्न आहे की नाही. कौल उलटा आला, की मग तो तुंबा वाड्यावर येई.

दुसरी वेसण ‘ओग्बोनी’ मंडळाची. पृथ्वीमातेचे पूजन करणारे हे वडीलधाऱ्यांचे मंडळ. त्यात पुरुषांबरोबर स्त्रियाही असत. तिसरी वेसण वाड्यातल्या स्त्रियांची. ‘इया केरे’ ही मानकरीण राजचिन्हांची रखवालदार. राज्याभिषेकात राजाच्या मस्तकावर मुकुट ठेवी ती हीच, आणि ती रुसली तर राजचिन्हे अडवून ठेवू शकत असे. चौथी वेसण युवराजाची. ‘आरेमो’ म्हणजे राजाचा थोरला मुलगा बापाबरोबर राज्य चालवी, पण बाप मेला की त्यालाही मरावे लागे. कारण काय, तर गादीच्या लोभाने मुलाने बापाला मारू नये, आणि दोघांनी मिळून सरदारांची निवड मोडून काढू नये. क्रूर रूढी खरी, पण तिच्यामागे विचार होता.

आणि सेनापती? परगण्यांच्या फौजेचा मुख्य ‘आरे ओना काकान्फो’. त्याला राजधानीत राहू देत नसत. तीन वर्षांतून एकदा तरी त्याने मोहिमेवर निघावे, आणि तीन महिन्यांत विजयी होऊन यावे, नाही तर त्याचे प्रेत यावे, असा दंडक सांगतात. तलवार हाती असलेल्याला सिंहासनापासून लांब ठेवावे, हे त्यांनी ओळखले होते.

तुम्ही म्हणाल, वा! राज्यकारभाराची केवढी चोख व्यवस्था! मलाही प्रथम तसेच वाटले. पण मंडळी, राजाला जाब विचारणाराच बहकला तर त्याला जाब कोणी विचारावयाचा? ओयोचे घोडे इथेच अडले.

1754 साली गाहा नावाचा माणूस बाशोरुन होता. राजाला नाकारण्याचा अधिकार त्याच्या हाती. त्याने तो अधिकार राज्यासाठी न वापरता स्वतःसाठी वापरला. वीस वर्षे खरे राज्य त्याचे. एकामागून एक चार राजे त्याने गादीवर बसविले आणि चौघांनाही मृत्यूच्या वाटेला लावले. त्यांतल्या एकाला गादीवर सहा महिनेसुद्धा मिळाले नाहीत. गाहाच्या मुलांनी परगण्या-परगण्यांतून खंडणी उकळली. कुंपणानेच शेत खाल्ले!

पाचवा राजा अबिओदुन. तो मुकाट्याने रोज सकाळी गाहाच्या मुजऱ्याला जाई. लोकांना वाटे, हाही गेला. पण आतून त्याने परगण्यांच्या सेनापतीशी संधान बांधले आणि 1774 साली एकाच वेळी सर्वत्र उठाव करवून गाहाचा आणि त्याच्या घराण्याचा शेवट केला. पुढे 1789 साली मरेपर्यंत त्याने राज्य केले. त्याचा काळ योरुबा लोक भरभराटीचा म्हणून आठवतात. व्यापार वाढला, बाजार फुलले. पण गुलामांचा व्यापारही वाढला, आणि फौजेकडे दुर्लक्ष झाले. शिवाय लोकांच्या मनात एक गोष्ट ठसली, की दंडकापेक्षा दंडुका मोठा. सरदारांना राजधानीबाहेरच्या सैन्याने मोडले होते. आता ते सैन्य कोणाचे ऐकणार?

उत्तर लवकरच मिळाले. अबिओदुननंतर आवोले गादीवर आला. आफोंजा नावाचा सेनापती त्याच्या डोळ्यांत सलत होता. राजाने त्याला जिंकता न येण्याजोग्या एका गावावर मोहिमेस धाडले. कावा ओळखून फौज उलटली, आणि आवोलेला रिकामा तुंबा आला. त्याने विष घेतले, 1796 च्या सुमारास. परंपरा सांगते, की मरण्यापूर्वी तो अंगणात आला, धनुष्य घेऊन त्याने तीन दिशांना तीन बाण सोडले, आणि शाप दिला, की जिथे जिथे हे बाण गेले तिथे तिथे तुम्ही गुलाम म्हणून नेले जाल. मग एक मातीचे ताट आपटून फोडले. फुटका तुंबा शिवता येतो, फुटके ताट सांधता येत नाही. माझा शब्द तसाच परत फिरणार नाही, असा त्याचा भाव होता.

शापावर आपण विश्वास ठेवावयाचे कारण नाही. पण पुढे घडले ते शापासारखेच. आफोंजा इलोरिन येथे स्वतंत्र झाला. आपले बळ वाढविण्यासाठी त्याने उत्तरेच्या मुसलमान योद्ध्यांना जवळ केले. 1804 पासून उत्तरेत उस्मान दान फोदिओची धर्मयुद्धाची लाट उसळलेली होती. त्याच योद्ध्यांच्या हातून 1820 नंतर लवकरच आफोंजा मारला गेला, आणि इलोरिन सोकोटोच्या सत्तेखाली गेले. 1826 साली क्लॅपरटन हा स्कॉटिश प्रवासी ओयो-इलेला आला, तेव्हा वाडा उभा होता, पण राज्य खिळखिळे झाले होते. दहाएक वर्षांत, 1835 च्या सुमारास, शेवटचा राजा लढाईत पडला आणि लोक जुनी राजधानी सोडून दक्षिणेला गेले. लाखो योरुबा परागंदा झाले, आणि कितीतरी जण साखळदंडांत समुद्रापार गेले. ब्राझील, क्युबा, त्रिनिदाद इथे आजही शांगोची पूजा होते, ती त्यांनी नेलेली. ओयोचे राज्य बुडाले, पण ओयोचा देव जगभर पसरला!

अतिबा नावाच्या राजपुत्राने दक्षिणेला नवे ओयो वसविले. त्याने युवराजाने मरण्याची रूढी बंद केली. त्याचा मुलगा 1859 साली गादीवर आला, आणि रूढी मोडली म्हणून एका बड्या सरदाराने त्याला राजा मानण्यास नकार दिला. त्यावरून 1860 साली युद्ध पेटले. एक रूढी, मग ती क्रूर का असेना, मोडणे किती जड जाते पाहा.

त्यानंतर इंग्रज आले. 1895 साली कॅप्टन बाउअर याने ओयोवर तोफा डागल्या. पण इंग्रजांनी गादी काढून टाकली नाही. त्यांना स्वस्तात कारभार हवा होता. त्यांनी अलाफिनला पगार दिला, न्यायालये दिली, आजूबाजूच्या मुलुखावर अधिकार दिला. पाहावयाला राजाचा मान वाढला. पण मंडळी, पोपटाची अंडी मात्र गेली! राजाला काढण्याचा अधिकार आता सात सरदारांकडे नव्हता, इंग्रज अधिकाऱ्याकडे होता. राजाने प्रजेचे समाधान करण्यापेक्षा साहेबाचे समाधान करावे, हे ओघानेच आले. 1916 साली लोकांनी या कारभाराविरुद्ध बंड केले, ते मोडून काढण्यात आले.

1944 च्या अखेरीस अलाफिन लादिग्बोलू वारला. रूढीप्रमाणे त्याच्या अश्वपालाने धन्यामागे मरावयाचे होते. इंग्रज अधिकाऱ्याने ते अडविले. तेव्हा बापाऐवजी मुलाने प्राण दिला. याच घटनेवर वोले शोयिंका या योरुबा लेखकाने 1975 साली एक नाटक प्रसिद्ध केले. पुढे 1986 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. साहेबाने जीव वाचविला असे म्हणावे, की दोन जीवांचे वाटोळे केले असे म्हणावे? मी याचे उत्तर देत नाही. वर्गात मुलांना विचारून पाहा.

नायजेरिया 1960 साली स्वतंत्र झाला. त्याच्याही आधी, 1955 साली, निवडून आलेल्या प्रादेशिक सरकारने त्या वेळच्या अलाफिनला पदच्युत केले होते. साहेबाच्या जागी मंत्री आले. पण गादी टिकली. लामिदी आदेयेमी हे 1970 पासून पन्नासाहून अधिक वर्षे अलाफिन होते. 2022 च्या एप्रिलमध्ये ते वारले. मग जवळजवळ तीन वर्षे निवडीचा वाद चालला. शेवटी राज्य सरकारच्या मान्यतेने आकीम ओवोआदे यांचा एप्रिल 2025 मध्ये राज्याभिषेक झाला. ओयो मेसी आजही आहेत, सात घराणी आजही मान सांगतात. पण राजदंड राजाच्या हाती देतो तो लोकांनी निवडलेला राज्यपाल.

तर मंडळी, या सगळ्यातून आपण काय घ्यावे? ओयोच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते, की सत्ता एका हाती मोकळी सोडू नये. त्यासाठी त्यांनी देव, रूढी, वडीलधारे, स्त्रिया, सेनापती अशा सगळ्यांना एकमेकांच्या पहाऱ्यावर बसविले. जोवर पहारेकरी आपल्यालाही कोणी पाहते आहे हे मानीत होते, तोवर राज्य चालले. गाहाने ते मानले नाही, आणि तिथून घसरण सुरू झाली. इंग्रजांनी पहारेच उठविले, आणि राजा नुसता शोभेचा उरला. राजाला भ्यावयाला लावणारी जी भेट होती, ती खरे तर तुंब्यात नव्हती. ती देणाऱ्यांच्या सचोटीत होती.

आणि गुरुजी, तुमच्यासाठी एक विनंती. तुमच्या गावातही कोणी म्हातारा, कोणी गोंधळी, कोणी आजीबाई जुन्या हकिगती सांगत असेल. वहीत उतरवून घ्या. खरे किती, खोटे किती, हे मागाहून पाहता येईल. आधी ते हाती तर राहू द्या. ओयोच्या आरोकिनांचे शब्द कोणी उतरविले नसते, तर आज मी तुम्हाला यातले फार थोडे सांगू शकलो असतो.

असो. वेळ संपत आली. नमस्कार.